रुबाबरावांचं मोठं हृदय

बुटांच्या दुकानात विकणाऱ्याला गिऱ्हाइकाच्या पायाशी बसावंच लागतं. धंदाच तसा. पण रुबाबराव बसत ते अशा थाटात, की पाय पुढे करणाऱ्यालाच ओशाळल्यासारखं व्हावं. आधी पँटच्या कडा चिमटीत धरून जराशा वर घ्यायच्या, मग एक गुडघा टेकायचा, मग गिऱ्हाइकाच्या मोज्यावर नजर टाकून नाकपुडी हलवायची. त्या नजरेच्या धाकानं कित्येक लोक नवे बूट घ्यायला येताना आधी नवे मोजे घालून येत.

हे नाव दुकानाच्या मालकानं ठेवलेलं. ठेवलं थट्टेनं, ह्यांनी ते किताब मिळाल्यासारखं मिरवलं. होता होता खरं नाव फक्त लाइटच्या बिलावर उरलं.

त्यांची बायको कोपऱ्यावरच्या बेकरीत पाव विकायची. दिवसभर उभं राहून तिच्या पोटऱ्यांवरच्या शिरा सुतळीसारख्या वर आल्या होत्या. नवऱ्याबद्दलचं तिचं मत लग्नानंतर वर्षभरातच पक्कं झालं होतं, आणि पुढे ते बदलावं असं काही त्यांच्या हातून घडलं नाही. हातभर लाकूड आणि दहा हात ढलपी, असं ती मनातल्या मनात म्हणायची. तोंडानं मात्र 'अहो'. त्या 'अहो'त काय काय भरलेलं असतं ते कळायला कान लागतो. रुबाबरावांना तो नव्हता.

त्यांची सगळी विद्या एका वाक्यात होती. गिऱ्हाइकाला नऊ नंबर लागायचा आणि दुकानात आठच शिल्लक असायचा. अशा वेळी ते आठ नंबरचा बूट पायात कोंबत, अंगठ्याच्या जागी बोटानं दाबत आणि म्हणत, "चामडं आहे साहेब. वापरून सैल होतं." माणूस लंगडत घरी जायचा. पायाला फोड घेऊन परत आला तर रुबाबराव बूट हातात घेऊन उलटसुलट बघत आणि शांतपणे सांगत, "बुटाला काही झालेलं नाही. तुमचा पाय सुजलाय." हा किस्सा ते घरी जेवताना सांगत आणि स्वतःच हसत. बायको त्यांच्या ताटात भाजी वाढायची आणि त्या लंगडणाऱ्या माणसाची तिला कीव यायची.

तिच्या पित्ताशयाचं ऑपरेशन झालं तेव्हा हे दवाखान्यात भेटायला आले. कॉटवर, तिच्या पायांच्या बाजूला ऐसपैस बसले, तिच्यासाठी आणून ठेवलेलं सफरचंद खाल्लं आणि विचारलं, "चहाची गाळणी कुठे ठेवतेस गं? मी दोन दिवस चोथ्याचा चहा पितोय." शेजारच्या कॉटवरची बाई तोंडावर पांघरूण घेऊन हसली. टाके दुखत होते म्हणून बायकोला हसता आलं नाही. एरवीही ती हसली असती असं नाही.

त्यांना एकच मुलगी. तिनं रबरी चपला विकणाऱ्याशी लग्न केलं. बाजाराच्या तोंडाशी त्याची टपरी होती. चपला दोरीवर द्राक्षांच्या घडासारख्या लटकवलेल्या. रुबाबरावांनी नाकानं कांदे सोलायला सुरुवात केली. "चामड्यातल्या माणसाची मुलगी रबरात गेली!" लग्नाला गेले नाहीत, त्यानंतर बोलले नाहीत. जावयाचा उल्लेख 'तो रबरवाला' असा. मुलगी बेकरीत येऊन आईला भेटून जायची, आणि जाताना वडिलांच्या आवडीची खारी बिस्किटं विकत घेऊन, बांधून आईपाशी ठेवून जायची. रुबाबराव ती खात आणि म्हणत, बेकरीवाला तुला बरा सांभाळून आहे.

मग एका वर्षी त्यांना त्यांचेच बूट होईनात.

सकाळी पायात जायचे, संध्याकाळी निघता निघायचे नाहीत. त्यांनी चामड्याला दोष दिला, पॉलिशला दिला, बायको मोजे गरम पाण्यात धुते म्हणून तिला दिला. जिना चढताना मधल्या वळणावर ते थांबू लागले. थांबून भिंतीचा रंग उडालाय का ते बघत. झोपायला एक उशी पुरायची ती दोन झाल्या, मग तीन. आडवं झालं की खोकला. बायकोनं एक दिवस खाली बसून त्यांच्या घोट्यावर अंगठा दाबला. खड्डा पडला आणि तसाच राहिला, भिजवलेल्या कणकेत बोट दाबावं तसा.

"अहो, तुमचा पाय सुजलाय," ती म्हणाली. "बुटाला काही झालेलं नाही."

टोमणा फुकट गेला. तिनं दुसऱ्या दिवशी बेकरीतून सुट्टी घेतली आणि त्यांना मोठ्या दवाखान्यात नेलं.

तिथे त्यांच्या छातीला गार चिकट काहीतरी लावून पडद्यावर हृदय बघितलं. नंतर ज्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं त्या वयानं लहान होत्या. सर्दीनं त्यांचं नाक लाल झालं होतं, आणि टेबलावर चुरगाळलेल्या कागदी रुमालांचा ढीग पडला होता. रुबाबरावांनी आधी त्यांच्या सँडलांकडे बघितलं आणि मनातल्या मनात त्यांना नापास केलं.

"तुमचं हृदय डायलेटेड आहे," बाई म्हणाल्या. "आपल्या भाषेत विस्फारलेलं."

"विस्फारलेलं म्हणजे?" रुबाबरावांनी विचारलं. "डोळे विस्फारतात तसं?"

"तोच शब्द. रुंद झालंय. नेहमीच्यापेक्षा मोठं."

एवढं ऐकून रुबाबरावांचे कान मिटले. त्यांचा चेहरा असा उजळला, की बाईंना वाटलं आपलं बोलणं नीट पोचलं नाही. ते खरंच पोचलं नव्हतं. त्यांनी खुर्चीत पाठ टेकली आणि पडद्यावर थांबवलेल्या त्या करड्या, धुरकट चित्राकडे, बारशाला आलेल्या आजोबांनी पाळण्याकडे बघावं तसं बघत राहिले.

ऐकलं ते बायकोनं. "मोठं होणं चांगलं की वाईट?" तिनं विचारलं.

बाईंनी नाक पुसलं. "हे बघा, शब्द नुसता रुंद होण्याचा आहे. तो काही रोगाचं नाव नाही. अंधारात आपली बाहुली विस्फारते, उजेडात पुन्हा बारीक होते. डोळे तपासायला आम्ही थेंब घालतो तेव्हा ती मुद्दाम विस्फारतो. बाळंतपणात गर्भाशयाचं तोंड रुंद झालंच पाहिजे. नाही झालं तर पंचाईत. तुमच्या पायावरच्या या शिरा आहेत ना, त्याही रुंदावलेल्याच. तेव्हा कुठे रुंद झालं, कशानं झालं आणि परत आवळतं का, हे बघायचं असतं. हृदय तर दर ठोक्याला थोडं फुलतं आणि आवळतं. यांचं फुललेलंच राहिलंय. भिंती पातळ झाल्या, जोर गेला. आत आलेलं रक्त पुढे ढकलता येत नाही. म्हणून पायात पाणी उतरतं, म्हणून दम लागतो."

"सैल झालं म्हणा की," बायको म्हणाली.

"अगदी बरोबर. सैल झालं."

"वापरून?"

"नाही हो, वापरून नाही. कधी जुनं ब्लडप्रेशर असतं, कधी एखादा ताप मागे काहीतरी ठेवून जातो, कधी कारण सापडतच नाही. पण गोळ्या नेमानं घेतल्या आणि मीठ कमी केलं तर बऱ्याचदा सुधारतं. नाही घेतल्या तर मात्र…" बाईंनी पुढचं बोलायच्या ऐवजी रुबाबरावांकडे बघितलं. ते अजून पडद्याकडेच बघत होते.

"याची एक प्रत मिळेल का?" त्यांनी विचारलं. "मोठी करून?"

दुकानात बातमी दुपारच्या आत पोचली, कारण पोचवणारे तेच होते. "मशीनवर बघितलं," ते सांगत. "सर्वसाधारण माणसापेक्षा मोठं हृदय. डॉक्टरच चकित झाल्या." मालक कपाटातले खोके मोजत होता, मान न वळवता म्हणाला, "म्हणजे काळीज सुपाएवढं झालं म्हणा!" रुबाबरावांनी नम्रपणे मान झुकवली. जे लोक पूर्वी त्यांच्या माघारी हसत ते आता समोर हसू लागले, आणि त्यांना वाटलं लोकांचं आपल्यावर प्रेम वाढलं.

इथपर्यंतही चाललं असतं. पण मोठं हृदय नुसतं ठेवून काय करायचं? ते वापरायला हवं. रुबाबरावांनी लोकांना माफ करायला सुरुवात केली.

आधी मालकाला माफ केलं. कशाबद्दल ते सांगितलं नाही; "झालं गेलं, माझ्या मनात काही नाही," एवढंच म्हणाले. मालक दिवसभर विचार करत राहिला, याला काय कळलंय म्हणून. मग खालच्या मजल्यावरच्या शिंपिणीला माफ केलं. मेलेल्या थोरल्या भावाला माफ केलं, त्याच्या फोटोसमोर उभं राहून, घसा साफ करून. जेवताना बायकोला म्हणाले, "तुलाही माफ केलं गं."

"काय केलं मी?"

"ते मी काढणारच नाही. मोठ्या मनाच्या माणसानं काढू नये."

बायकोनं आमटीची वाटी त्यांच्यासमोरून उचलली, कारण तिच्या लक्षात आलं की त्यांनी वरून मीठ घेतलंय. "मोठ्या मनाच्या माणसानं मीठही खाऊ नये," ती म्हणाली.

त्याच आठवड्यात मुलगी बेकरीत धापा टाकत आली. "आई, बाबांचा फोन आला होता. इतक्या वर्षांनी. म्हणाले, तुला माफ केलं, त्या रबरवाल्यालाही केलं. आणि ठेवून दिला. मी नुसतं हॅलो म्हटलं होतं गं!" ती हसत होती आणि मधूनच तिचे डोळे भरून येत होते. आईनं तिला आत नेऊन पिठाच्या पोत्यावर बसवलं. बाप एवढ्या वर्षांनी बोलला म्हणून पोरीला आनंद व्हावा आणि बोलला ते असं, याचा आईला असा संताप आला, की पाव कापायची सुरी तिनं आधी बाजूला ठेवली.

आणि संध्याकाळी घर झाडताना तिला गोळ्या सापडल्या. दाराआड एक बुटांचा जोड होता. रुबाबराव तो फक्त लग्नाकार्याला घालत. आता तर तो पायात जातच नव्हता. त्यातला एक बूट उचलला तर आत खडखडलं. उलटा केल्यावर गोळ्याच गोळ्या बाहेर आल्या, पांढऱ्या आणि पिवळसर. रोज सकाळी तिच्यासमोर तोंडात टाकलेल्या, वर पाणी प्यायलेल्या.

कारण तिला लगेच कळलं. पायातलं पाणी उतरवायची ती गोळी घेतली की सारखं लघवीला जावं लागायचं. गिऱ्हाइकाचा पाय हातात असताना उठून पळायचं, हे रुबाबात बसणारं नव्हतं. शिवाय जे हृदय एवढं नामी आहे त्याला औषध कशाला?

तिनं गोळ्या पुन्हा बुटात भरल्या आणि बूट होता तिथे ठेवला.

पुढचे काही दिवस ती काही बोलली नाही. बेकरीत गेली, पाव विकले, घरी आली, अळणी भाजी केली. सकाळी ते तिच्यासमोर गोळी गालात धरत, पाणी पीत, मग दाराआड जात. ती पाठ करून चहा गाळत राही. ह्यांना मोठं हृदय हवंय ना, असू दे मोठं. बेडकी फुगली म्हणून बैल होत नाही हे ज्याचं त्याला कळू दे. आपण काही बोललो नाही तर कोण आपल्याला विचारणार आहे? डॉक्टरीणबाई म्हणतील, पेशंटनं ऐकलं नाही. आणि ते खोटंही नसेल. पाव कागदात गुंडाळताना हा विचार तिच्या डोक्यात इतका सरळ चालायचा, की तिला स्वतःचीच भीती वाटली नाही. ती वाटायला हवी होती हे तिला नंतर सुचलं.

मग एका संध्याकाळी ती दूध घेऊन येत होती, तर रुबाबराव जिन्यात बसलेले. पायरीवर, पाय पुढे सोडून, एका हातानं कठडा धरलेला. ओठ जांभळट. शिंपीण खालून वर येत होती, तिनं विचारलं, "काय हो, बरं नाही का?"

"मी विचार करतोय," रुबाबराव म्हणाले. दोन शब्दांमध्ये त्यांना श्वास घ्यावा लागला. "इथे… वारा… छान येतो."

त्या जिन्याला खिडकी नव्हती. शिंपीण बायकोकडे बघून निघून गेली.

बायको पाच-सहा पायऱ्या खाली उभी राहिली. तिचं तोंड त्यांच्या गुडघ्यांच्या समोर आलं. दुधाची पिशवी हातात तशीच. एवढा जीव कासावीस झालाय, पण शिंपिणीसमोर वारा खातोय. तिच्या मनात जे होतं त्याला दया म्हणता आलं नसतं. पण बोलली ती.

"अहो, तुमचं हृदय मोठं नाही. सैल झालंय."

"डॉक्टर म्हणाल्या…"

"डॉक्टर काय म्हणाल्या ते मी ऐकलंय. तुम्ही चित्र बघत होतात. आठ नंबरचा बूट नऊच्या पायानं ताणून ताणून सैल झाला की काय होतं? मोठा झाला म्हणून त्याची किंमत वाढते का? चालताना टाच बाहेर येते. तुमचं तसं झालंय. आतलं आतच राहतं, बाहेर ढकलायचा जोर नाही. ते पाणी तुमच्या पायात भरतंय, आणि आता वर चढतंय. गोळ्या बुटात टाकल्यात तर बूट बरा होईल, तुम्ही नाही."

रुबाबरावांचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. मग त्यांनी जे विचारलं ते ऐकून तिला वाटलं, हा माणूस सरणावरही आधी लाकूड कुठल्या दुकानातलं ते विचारेल.

"दुकानात कुणाला सांगितलंस का?"

"नाही."

"सांगू नकोस." आणि मग, खूप हळू, "मरेन का गं मी?"

तिनं त्यांना उठवलं. काखेत हात घालून, एकेक पायरी, मधे थांबत खाली उतरवलं. रिक्षा बोलावली आणि त्यांना दवाखान्यात नेलं. तिथे त्यांना ठेवून घेतलं, आणि पायातलं पाणी इंजेक्शनांनी उतरवलं. पाणी उतरल्यावर पायांच्या जागी दोन काड्या निघाल्या. रुबाबराव त्या काड्यांकडे बघून रडले. रुबाब गेल्यावर आत काहीतरी उरेल असं तिला वाटलं होतं. आत नुसती भीती निघाली. डॉक्टर आले की ते हात जोडत, नर्स आली की हात जोडत, झाडूवाली आली तरी. गर्व असताना निदान कॉलर तरी ताठ होती. आता बघवत नव्हतं.

घरी आल्यावर तिनं नियम घातला. सकाळी त्यांच्यासमोर उभी राहायची. "आ करा." गोळी जिभेवर. "गिळा." पाणी. "आता परत आ करा, जीभ वर करा." ते जीभ वर करत. दुकानात त्यांना आता गिऱ्हाइकाच्या पायाशी बसवत नव्हते. काउंटरशेजारी उंच स्टूल दिलं होतं, मोरी जवळ पडावी म्हणून. त्यांनी लोकांना सांगितलं की बढती मिळाली.

एकदा गोळी गिळून झाल्यावर त्यांनी विचारलं, "तू मला जिन्यात सांगितलंस, ते का? तुला माझं एवढं…" पुढचा शब्द त्यांना सापडला नाही, कारण तो घरात कधी वापरात नव्हता.

"तुम्ही गेलात तर लोक घरी येऊन बसले असते," बायको म्हणाली. "मालक, शिंपीण, सगळे. फार मोठ्या मनाचा माणूस होता, म्हणाले असते. ते मला ऐकवलं नसतं."

रुबाबरावांना यातलं अर्धंच कळलं. त्यांना वाटलं, तिला आपला विरह सहन झाला नसता.

दुखणं हत्तीच्या पायानं येतं आणि मुंगीच्या पायानं जातं. वर्ष उलटायच्या सुमाराला पुन्हा छातीला तो गार चिकट पदार्थ लागला, पुन्हा तो पडदा. डॉक्टरीणबाईंची सर्दी गेली होती. त्या खूश होत्या. "छान! हृदय चांगलंच लहान झालं. जवळजवळ नेहमीच्या मापावर आलं."

रुबाबरावांचा चेहरा पडला. "लहान म्हणजे… किती लहान?"

"सगळ्यांचं असतं तेवढं."

"सगळ्यांचं?"

"हो. अगदी साधं, सर्वसाधारण हृदय."

बाहेर आल्यावर ते बाकावर बसले. आजूबाजूला खरोखर आजारी माणसं बसली होती. एकीला सलाइनची सुई होती, एकाच्या नाकात नळी. त्यांच्यामध्ये हा बरा झालेला माणूस, घरातलं कुणी गेल्यासारखा. बायको औषधांची चिठ्ठी घेऊन आली. "दुकानात काय सांगायचं?" त्यांनी विचारलं. ती म्हणाली, "बरं वाटतंय म्हणून सांगा." हे उत्तर त्यांना पटलं नाही. दुकानात त्यांनी सांगितलं, की हृदय तेवढंच मोठं आहे, फक्त डॉक्टरांनी ते जरा आवरून घेतलंय.

माफी मात्र परत घेता आली नाही. मुलगी आता घरी येऊ लागली होती. एके रविवारी दुपारी ती नवऱ्याला घेऊन आली. रबरवाला भिडस्त माणूस. त्यानं सासऱ्यासाठी रुंद पट्ट्याच्या मऊ चपला आणल्या होत्या, सुजलेल्या पायाला सोसतील अशा. सूज केव्हाच उतरली होती, पण त्याला कुणी सांगितलं नव्हतं. रुबाबरावांनी चपला दोन बोटांनी उचलल्या, तळ बघितला, वास घेतला, खाली ठेवल्या. मग सगळे चहा घेत असताना हळूच पाय सरकवून त्या घातल्या. घातल्या त्या काढल्या नाहीत.

थोड्या वेळानं बायको कप विसळायला मोरीशी गेली. मागून आवाज येत होता. रुबाबराव जावयाला धंद्याची गोष्ट समजावून देत होते. "गिऱ्हाईक नऊ मागतं, तुझ्याकडे आठ आहे. घाबरायचं नाही. पायात कोंबायचा आणि म्हणायचं…"

"आमच्याकडे तसं होत नाही बाबा," जावई म्हणत होता. "रबर आहे. बसली नाही तर लोक काढून ठेवतात आणि जातात."

"तेच तर! म्हणून तुम्ही लोक पुढे येत नाही. ऐक…"

बायकोनं नळ मोठा सोडला.